अण्णा आणि अल ऐनचा राजवाडा

आखातात राहणाऱ्या माणसाला एक मोठी सोय असते. कुणाला नको म्हणायचं असलं तर ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागत नाही, व्हिसा म्हणतो. मेहुण्याला नोकरीसाठी यायचंय, तर व्हिसे सध्या बंद आहेत. मावशीला लेकीच्या लग्नाची खरेदी करायला यायचंय, तर हल्ली फार कडक केलंय हो. पुण्यातल्या माणसाला यातलं खरं किती आणि खोटं किती हे कळायला काही मार्गच नसतो. तो बिचारा "असं का" म्हणतो आणि फोन ठेवतो. अबू धाबीच्या पश्चिमेला रुवैसला आमच्या रिफायनरीच्या कॉलनीतले बहुतेक मराठी लोक हे करत, आणि मग क्लबात बसून एकमेकांना हसत हसत सांगत. मीही त्यात हसलेलो आहे.

हे मी माझ्या वडलांच्या, अण्णांच्या बाबतीत केलं. दोन हजार दोनचा हिवाळा असेल.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आई गेली. तेव्हा आमच्या रिफायनरीत शटडाउन चालू होता. शटडाउन म्हणजे सगळा प्लांट बंद करून महिनाभर दुरुस्ती, आणि त्या महिन्यात रजेचं नाव काढायचं नाही. अण्णांचा फोन आला. म्हणाले, तिला अ‍ॅडमिट केलंय, डॉक्टर म्हणतात तसं घाबरण्यासारखं नाही, पण जमत असेल तर येऊन जा. मी म्हटलं, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात बघतो." इथे राहून राहून हा शब्द तोंडात बसतो. 'नाही'च्या जागी चालतो, म्हणूनच बसतो. पाचव्या दिवशी आई गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अण्णांनी दार उघडलं आणि विचारलं, "विमान वेळेवर होतं का?" त्यानंतर त्यांनी मला त्या विषयावर एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

अण्णा एकटे उरले. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. धाकटी बहीण नाशिकला, तिच्या घरात सासूसासरे, तिला ते शक्य नव्हतं. म्हणून मी त्यांना नोव्हेंबरात व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. दोन महिन्यांचा व्हिसा, वर एक महिना वाढवून मिळायचा. तेवढ्यात पुढचं काय ते ठरवू, असं मी आणि बहीण फोनवर बोललो होतो. पुढचं म्हणजे दोनच गोष्टी होत्या. एक तर मी त्यांचा राहण्याचा व्हिसा काढायचा आणि त्यांनी कायमचं आमच्याजवळ राहायचं. नाहीतर बहिणीनं तळेगावच्या बाजूला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, तिथे जायचं. आईवडलांचा व्हिसा काढायला पगाराची आणि घराची अट असायची. मी दोन्हींत बसत होतो. कंपनीतल्या दोघांनी असे व्हिसे काढलेही होते. मला फक्त अर्ज करायचा होता.

अण्णा तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, सरकारी क्वार्टर्स, शाळांच्या इमारती. घरातही ते ओव्हरसियरच राहिले. लहानपणी आमच्या वहीतली रेघ वाकडी असली तरी त्यांना ती दारातून दिसायची. रुवैसला आल्यावर चार दिवसांत त्यांनी कॉलनीची कंपाउंडची भिंत तपासली, ती ओळंब्यात नाही हे ठरवलं, आणि तिथे काम करणाऱ्या पठाण गवंड्याला आपल्या हिंदीत ते सांगूनही आले. गवंड्याला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याच्याबरोबर सावलीत बसून चहा पीत होते. "एक दिरहमचा चहा," घरी येऊन म्हणाले, "म्हणजे तेरा रुपये झाले की रे. त्यानं मला पैसे देऊ दिले नाहीत."

मुलगी तेव्हा नववीत होती. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते तिला मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम चालायचं. भूमितीच्या आकृत्या काढताना ते तिला पेन्सिल ब्लेडनं कशी तासायची ते दाखवत. तिचे मार्क वाढले. बायकोचंही त्यांच्याशी बरं जमलं. अशा गोष्टींत लोक डोळे मिटून सुनेवर खापर फोडतात, म्हणून मुद्दाम लिहितो. तिनं एकदा नाही, तीनदा सांगितलं, "राहू देत की अण्णांना. तुम्ही दिवसभर प्लांटवर, ही शाळेत. तेवढंच घरात एक बोलतं माणूस."

नको होते ते मला. हे लिहायला सोपं नाही, पण आता कुणापासून लपवायचं. मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगायला. मी बूट काढायच्या आत सुरू. आणि बोलता बोलता मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे, दमलास का, म्हणायचे. त्या बघण्यात कसलाही राग नसायचा. तेच मला सहन व्हायचं नाही. हा माणूस मला फोन करून ये म्हणाला होता आणि मी गेलो नव्हतो, आणि आता तो माझ्या दाराशी माझी वाट बघत बसतोय. रोज संध्याकाळी बस कॉलनीत शिरली की मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उतरायचो. हे जन्मभर चालणार, असं मनात यायचं आणि मी स्वतःवरच चिडायचो. मग चिडून त्यांच्यावर खेकसायचो. "अण्णा, मला आत तरी येऊ द्या." ते लगेच खुर्ची मागे घ्यायचे.

मी बायकोला सांगितलं की अण्णांना परत पाठवायचं, बहिणीशी बोलणं झालंय. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "ठीक आहे. वडील तुमचे. पण माझं नाव पुढे करू नका. तसेही सगळे माझ्याच नावानं खडे फोडणार आहेत." आणि तसंच झालं. पुण्यातले नातेवाईक आजही तिच्याशी तुटक बोलतात आणि माझी कीव करतात.

अण्णांना काय सांगायचं हा प्रश्नच नव्हता. सोय तयार होती. जानेवारीतल्या एका सकाळी मी इमिग्रेशनच्या ऑफिसात जातो म्हणून घरातून निघालो. हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी एक कॅफेटेरिया होता, तिथे बसलो. दोन चहा प्यालो, आदल्या दिवशीचा पेपर जाहिरातींसकट वाचला आणि दुपारी परत आलो. "नाही हो अण्णा, वाढवून देत नाहीत. नियम बदललाय. राहण्याचा व्हिसा तर विचारूच नका. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा अर्ज करू. तोवर तळेगावला एक चांगली जागा आहे, तात्पुरती."

"फार वेळ उभं राहावं लागलं का रे?" अण्णांनी विचारलं, आणि उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

बायको स्वयंपाकघरात होती. तिनं सगळं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही.

निघायला नऊ दिवस उरले तेव्हा आम्ही अल ऐनला गेलो. अण्णांनी आल्यापासून एकच इच्छा बोलून दाखवली होती. कॉलनीच्या लायब्ररीत त्यांना इथल्या मातीच्या किल्ल्यांचं एक चित्रांचं पुस्तक सापडलं होतं, आणि मातीचा किल्ला उभा कसा राहतो हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. "आपल्याकडे एका पावसाळ्यात गारा होईल," म्हणायचे. मी दोन महिने आज-उद्या करत होतो. आता अपराधी वाटत होतं म्हणून लगेच तयार झालो. जाताना काहीतरी दाखवलं म्हणजे आपल्याकडून झालं, असा सरळ हिशेब होता.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. रुवैसहून अल ऐन म्हणजे चारशे किलोमीटर, आणि त्यातला पहिला अर्धा रस्ता दाट धुक्यात गेला. दिवे लावून, साठाच्या स्पीडनं. दोन्ही बाजूंना काहीच दिसत नव्हतं. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, आणि शर्टाच्या आत गळ्यात दोरीनं अडकवलेली कापडी पिशवी, तिच्यात पासपोर्ट. परक्या देशात तो अंगावेगळा करायचा नाही असं त्यांना कुणीतरी विमानात सांगितलं होतं. ते आंघोळीला जातानाही ती पिशवी खुंटीला अडकवून दिसेल अशी ठेवत. मागे बायको आणि मुलगी. बायकोनं तिखटमिठाच्या पुऱ्या करून घेतल्या होत्या. त्या कुणी मागितल्या नाहीत आणि तिनं कुणाला दिल्या नाहीत.

"आजोबा, यू विल कम बॅक इन समर, राइट?" मुलीनं विचारलं.

"तुझे बाबा अर्ज करणारेत," अण्णा म्हणाले. "सरकारचं काम आहे. वेळ लागतो."

मी रेडिओ लावला.

अल ऐनला पोचेपर्यंत धुकं गेलं होतं, पण आभाळ धुळीनं मळकटच होतं. गावात गोल चौक मागून गोल चौक, मधे हिरवळ, रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. पहिल्यांदा जाहिलीचा किल्ला बघितला. एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखा त्याचा गोल बुरूज आहे. अण्णा त्याच्याभोवती दोनदा फिरले, गुडघे धरून. मग म्हणाले, "हा गिलावा नवा आहे. आतलं जुनं काम झाकून टाकलंय." त्यांना ते आवडलं नव्हतं. आपल्या खात्यातही असंच करायचे, म्हणाले, मंत्री येणार असले की.

तिथून खजुरांच्या बागेच्या कडेला असलेला राजवाडा. इथले शेख तरुणपणी या गावात राहायचे तेव्हाचं त्यांचं घर, नुकतंच लोकांना बघायला खुलं केलेलं. राजवाडा म्हणून मनात जे काही येतं त्यातलं तिथे फारसं नाही. मातकट रंगाच्या लांबच लांब भिंती, अंगणामागून अंगण, आणि अंगणांच्या कडेनं खोल्या. ही पाहुण्यांची बैठक, ही कॉफी करायची खोली, इथे मुलांची शिकवणी, हे घरच्यांचं राहणं. खोल्यांत लाल गालिचे आणि भिंतीला टेकून उशा, बाकी मोकळं. आमच्याखेरीज कुणी नव्हतं. आमच्या चपलांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मुलगी प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून पाटी वाचून दाखवत होती आणि अण्णा मान वर करून छताच्या तुळया बघत होते. खजुराची खोडं उभी चिरून टाकलेली.

एका अंगणात अण्णांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग बोटाच्या मागच्या बाजूनं वाजवून बघितलं. मी म्हणणार होतो, अण्णा हात लावू नका, तेवढ्यात मागून आवाज आला, "लगाओ, लगाओ. मिट्टी है, काटेगा नहीं."

राखणदार होता तिथला. अण्णांच्याच वयाचा अरब, पांढरा पायघोळ कंदुरा, वर जुना कोट, हातात काठी. त्याचं हिंदी ऐकून अण्णांना कोण आनंद झाला. जुन्या अरबांना ते येतं. हा म्हणाला, तरुणपणी बापाच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला तो त्याला बोटीनं बंबईला घेऊन गेला होता, तीन महिने दोघं तिथे राहिले होते, त्यात तो हिंदी शिकला. मग दोघे म्हातारे मातीबद्दल बोलायला लागले. माती कुठली, त्यात गवताचं काड किती घालायचं, किती दिवस भिजत ठेवायची, पायानं तुडवायची की हातानं. अण्णांनी विचारायचं आणि त्यानं काठीनं जमिनीवर काढून दाखवायचं. मी इतक्या दिवसांत अण्णांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. म्हणजे ते रोज बोलत होते, मी ऐकत नव्हतो.

त्यानं आम्हाला फाटकाजवळच्या आपल्या खोलीत नेलं. थर्मासमधला कहवा आणि ताटलीत खजूर. तो छोट्याशा कपात घोटभर कहवा ओतायचा, अण्णा तो संपवायचे, तो पुन्हा ओतायचा. पाच-सहा कप झाले. अण्णांना नको कसं म्हणावं कळेना. मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, शेक द कप." इथे नको असलं की रिकामा कप हातात हलवून परत द्यायचा असतो. अण्णांनी कप हलवला आणि सगळे हसले, बायकोसुद्धा.

"कितने दिन और इधर?" त्यानं अण्णांना विचारलं.

"नौ दिन," अण्णा म्हणाले. "फिर वापस. मेरे लड़के ने बहुत कोशिश किया. ऑफिस में जाके चार-चार घंटा खड़ा रहा. लेकिन आपके सरकार का नियम बदल गया ना."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"कौन सा नियम?" राखणदारानं विचारलं.

"विजिट का. बढ़ाके नहीं देते अब."

"देते हैं. एक महीना देते हैं. हर आदमी को देते हैं." तो माझ्याकडे वळला. "तुमको कौन बोला नहीं देता? उधर रुवैस में कोई बोला?"

मी काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते मला आठवत नाही. हां हां, वैसा ही कुछ, असं काहीतरी.

"मेरा भतीजा जवाजात में है," तो म्हणाला. जवाजात म्हणजे पासपोर्ट-व्हिशाचं ऑफिस. "इधर ही, अल ऐन में. पासपोर्ट मेरे को दो. शनिवार को आओ, ले जाओ. एक महीना. उस टाइम में बाप का इकामा, रहने का वीसा, बनाओ, भतीजा सब बताएगा. बेटा इधर है, पगार है, तो बाप को मिलता है. खलास. क्यों नहीं मिलेगा?"

अण्णांच्या चेहऱ्यावर शंका आली असती तर मी निभावून नेलं असतं. शंका आली नाही. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अरे," ते मला मराठीत म्हणाले, "हे म्हणतायत होतं म्हणून. तुला तिथल्या माणसानं चुकीचं सांगितलं बघ. कारकून असतात ते असेच. आमच्याकडेही असेच." आणि बोलता बोलता त्यांनी स्वेटर वर केला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आत हात घालून ती पिशवी बाहेर ओढली. दोरीची गाठ घट्ट बसली होती. ते नखानं ती सोडवायला लागले. मुलगी पुढे झाली आणि तिनं गाठ सोडवून दिली. पासपोर्ट अण्णांच्या हातात आला आणि राखणदारानं आपला हात पुढे केला.

मी मध्ये हात घातला. पासपोर्टवर ठेवला. "नको अण्णा," म्हटलं.

"का रे?"

"तिकीट झालंय."

"टिकट चेंज होता है," राखणदार म्हणाला. त्याला मराठी येत नव्हतं, पण तिकीट हा शब्द कळला. "नो प्रॉब्लेम."

"और कंपनी का भी कुछ रूल है. घर का. मतलब, कागज चाहिए. वो अभी नहीं मिलेगा, साहब छुट्टी पे है." मी एकामागून एक सांगत सुटलो. अण्णांकडे बघत नव्हतो, राखणदाराकडे बघून बोलत होतो. "और उधर बहन ने सब इंतजाम किया है. उसको बुरा लगेगा. और इनका गुडघा, घुटना, उसका डॉक्टर भी उधर ही है."

अण्णांनी तीस वर्षं कंत्राटदारांच्या सबबी ऐकल्या होत्या. सिमेंट आलं नाही, मजूर पळाले, घरात लगीन निघालं. एखाद्यानं एक कारण दिलं तर ते खरं असू शकतं, पाच दिली तर त्यातलं एकही नाही, हे ते आम्हाला लहानपणी सांगायचे. मी पाचावर होतो. माझा आवाज मलाच परका वाटत होता. आणि माझा हात अजून त्यांच्या हातावर होता, म्हणून मला नेमकं कळलं. त्यांची बोटं पासपोर्टवर आवळलेली होती, ती सैल पडली.

राखणदार एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होता. त्याच्याही लक्षात येत चाललं होतं.

मग अण्णा हसले. पासपोर्ट पिशवीत परत घातला आणि त्याला म्हणाले, "नहीं भाई. असल में मेरे को ही जाना है. ये लड़का तो बोलता है रहो. मेरा मन नहीं लगता इधर. उधर घर है, दोस्त लोग है. मैंने ही इसको बोला, मेरा टिकट निकाल."

"बेटा रखता है तो रहो," राखणदार म्हणाला.

"रखता है. बहुत रखता है," अण्णा म्हणाले. "मैं ही नहीं रहता."

त्यांनी दोरीची गाठ मारायचा प्रयत्न केला. जमेना. मुलगी आता पुढे झाली नाही. ती माझ्याकडे बघत होती. शेवटी बायको उठली, तिनं गाठ मारून दिली, पिशवी त्यांच्या शर्टात सारली आणि शर्टाचं बटण लावलं. राखणदार आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. त्यानं अण्णांचा हात बराच वेळ धरून ठेवला. माझ्याशी त्यानं हात मिळवला नाही.

गाडीत मुलगी म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू जस्ट गिव्ह इट, बाबा?" तिनं पुन्हा विचारलं. अण्णा म्हणाले, "अगं, मलाच जायचंय म्हटलं ना." ती रडायला लागली. रडत रडत ती कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "खोटं बोलताय तुम्ही. दोघंही." बायकोनं तिला जवळ घेतलं. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी बोलतील. एकदाचं बोलावं, आईचंही बोलावं, सगळं. मी तयार होतो, किंबहुना वाट बघत होतो. ते बाहेर बघत बसले. अबू धाबीच्या अलीकडे एवढंच म्हणाले, "काड जास्त घालतात ते लोक. आपण एवढं घालत नाही."

राहिलेले आठ दिवस त्यांनी दाराशी खुर्ची टाकली नाही. मी यायचो तेव्हा ते आतल्या खोलीत असायचे, दार लोटलेलं. मला तेच हवं होतं ना, मग मिळालं. आठव्या दिवशी एकदा मी दारावर टकटक करून "अण्णा, चहा घेताय का" म्हटलं, तर म्हणाले, "तू दमला असशील. मी घेतो माझा."

ते गेले. विमानतळावर त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, सुनेला "तब्येत सांभाळ" म्हणाले, आणि मला म्हणाले, "रजा वाया घालवू नकोस माझ्यापायी." तळेगावला पोचल्यावर त्यांनी फोन केला की जागा हवेशीर आहे, बांधकाम बरं आहे. त्या उन्हाळ्यात मी खरोखरच अर्ज केला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. व्हिशाची कॉपी हातात घेऊन त्यांना फोन केला. "आता नको रे," म्हणाले. "इथे सवय झाली." मी आग्रह केला. ते म्हणाले, "इन्शाल्ला म्हणतात ना तुमच्याकडे? बघू." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. इकडे दोन महिने राहून तो शब्द त्यांच्याही तोंडात बसला होता.

पुढच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा एकटाच तळेगावला गेलो. मुलगी यायला तयार नव्हती. व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सात-आठ म्हातारे बसले होते, त्यांच्यात अण्णा. खूप बारीक झाले होते. त्यांच्या खोलीत राहणारे एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले, मला बघून उठलेच.

"या, या. तुम्हीच ना रुवैसचे? अहो, आम्हाला सगळं ठाऊक आहे. यांनी दहादा सांगितलंय. त्या राजवाड्यातल्या अरबाच्या हातात तुम्ही स्वतः पासपोर्ट दिलात. त्याच्या पुतण्याकडे दोन खेपा घातल्यात, चारशे किलोमीटरवरून. हातापाया पडलात म्हणे त्याच्या. पण तिथला साहेबच बदलून गेला, त्याला कोण काय करणार? नशीब लागतं. नाहीतर आमची बघा. पुण्यात राहतात आणि दिवाळीला फोन करतात." बाकीचे म्हातारे माना हलवत होते. त्यांनाही पाठ होतं.

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. हात मांडीवर, पाठ ताठ. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मी घरी यायचो तेव्हा ते असे बसायचे. जन्मभरात त्यांनी माझ्याकडे दोनदा काही मागितलं. एकदा फोनवर, आणि एकदा तिथे, न बोलता.

"दोन नाही," मी म्हटलं. "तीन खेपा घातल्या."

अण्णांनी श्वास सोडला. मग खुर्चीत जरासे मागे टेकले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "बघा. मी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"